चौथा विषय

पांढुर्ण्याहून सौसरला जाणाऱ्या दुपारच्या बसमध्ये कुसुमच्या शेजारी एक भोंगा येऊन बसला.

म्हणजे बसला तो माणूसच. पण त्याच्या मांडीवर लाऊडस्पीकरचा एवढा थोरला भोंगा होता की त्यामागचा माणूस दिसतच नव्हता. आणि भोंग्याचं रुंद तोंड नेमकं कुसुमकडे!

"जरा तिकडं फिरवता का?" ती म्हणाली.

"तिकडं फिरवला तं कंडक्टरचं डोकं जाईल त्याच्यात," भोंग्यामागून आवाज आला.

कुसुमला एरवी हसू आलं असतं. पण त्या दिवसांत तिच्या डोक्यात सतत एकच वाक्य घोळत असे, आणि हसू त्या वाक्याला अडखळूनच परत जाई. तिने खिडकीकडे तोंड केलं. माघ महिन्यातलं आभाळ भलत्याच वेळी भरून आलं होतं. संत्र्यांच्या बागांवर बारीक थेंब पडत होते, आणि ओल्या मातीत मिसळलेला आंबटगोड वास काचेच्या फटीतून आत येत होता.

मोहगावच्या अलीकडे बसचं चाक बसलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, माणसं खाली उतरली, बायका आपापल्या पिशव्या सांभाळत आत राहिल्या. टपावर पाऊस टिपटिप वाजू लागला. कुसुमला एक सवय होती. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी ती ते ओठातल्या ओठात पुन्हा पुन्हा म्हणून बघे. भोंगा सीटवर ठेवून त्याचा मालकही उतरला असेल असं समजून ती पुटपुटू लागली.

"महोदय, हे विषय मला एकत्र शिकायचे आहेत, कारण... कारण..."

तिची गाडी नेहमी तिथेच अडायची.

"कारण...?"

"हो, कारण काय?" भोंग्याने विचारलं.

कुसुम दचकून उठलीच. भोंगा खाली झाला. मागे एक सावळा, कुरळ्या केसांचा तरुण. भोंग्याच्या मागच्या अरुंद भोकाला अजून त्याचा कान लागलेला.

"तुम्ही ऐकत होते?"

"मी नाई जी. भोंगा ऐकून राहिला होता. माहा कान फक्त मधात आला."

आता मात्र ती हसली. आणि हसली याचाच तिला राग आला.

त्याचं नाव उत्तम. पांढुर्ण्याला मामाचं, भाऊरावांचं, मंडप-लाऊडस्पीकरचं दुकान होतं, तिथे तो काम करायचा. रेडिओ आणि टेपही दुरुस्त करायचा. सौसरला एका लग्नात भोंगा बांधायला निघाला होता. "आन तुम्ही? कोन्त्या महोदयाले सांगून राहिल्या?"

सांगायचं तिच्या मनात नव्हतं. पण त्याने भोंगा पुन्हा मांडीवर उभा केला, त्याचा चेहरा झाकला गेला, आणि चेहरा न दिसणाऱ्या माणसाला सांगणं तिला सोपं वाटलं.

गोष्ट अशी होती. नागपूरला विद्यापीठाने त्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, एक नवीनच योजना काढली होती. पदवीचे चार विषय आपले आपणच निवडायचे. कोणत्याही शाखेतले, कसेही. मात्र ते चार एकमेकांना कसे धरून आहेत, ते शिकून तुम्ही काय करणार, हे तीन प्राध्यापकांपुढे बसून सांगायचं. त्यांना पटलं तर प्रवेश, नाहीतर घरी.

कुसुम सौसरच्या एका लहानशा हिंदी शाळेत पहिलीला शिकवत होती. बारावी झालेली, नोकरी कच्ची. तिच्या वर्गात लोधीखेड्याकडची एक चिमुरडी होती, पुष्पा नावाची. तपासणीला आलेल्या साहेबांनी पुस्तकातलं चित्र दाखवून तिला विचारलं, "ये क्या है?" पोरगी आनंदाने ओरडली, "हीर!" साहेब हसले. "हीरा? इसमें हीरा कहाँ है?" सगळा वर्ग हसला. चित्र विहिरीचं होतं. पुष्पाच्या घरी विहिरीला हीरच म्हणत, कुसुमच्या घरीही. कुसुमने साहेबांना सांगायला तोंड उघडलं, पण वाक्य जुळेना. तेवढ्यात साहेब पुढच्या वर्गात गेले. पुष्पा त्या दिवसापासून वर्गात बोलेनाशी झाली.

"म्हनून मले शिकायचं आहे," कुसुम म्हणाली. "घरची भाषा एक, पुस्तकातली दुसरी, असं असलं तं लेकरानं काय करावं... मराठी, हिंदी आन बालमानसशास्त्र. चौथा विषय सापडून नाई राहिला."

भोंगा थोडा तिच्याकडे कलला.

"हेच सांगा नं मंग त्याहीले," तो म्हणाला. "कारण कारण कायले करता?"

चाक बदललं, बस सुरू झाली. उतरताना त्याने विचारलं, "पांढुर्ण्याले नेहमी येता?"

"आत्याकडे. रविवारी. शांताबाईकडे, टाकीजवळ..." आणि आपण पत्ता सांगून बसलो हे लक्षात येऊन तिचे कान तापले.

पुढच्या रविवारी उत्तम आत्याच्या दारात हजर. हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"रेडिओ पाहाचा होता तुमचा."

"चांगला वाजून राहिला," आत्या म्हणाली.

"बिघडाच्या आधीच पाहून ठेवलं बरं राहते, आत्याबाई."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग भाचीकडे, आणि चहा टाकायला आत गेली. त्यानंतर दर रविवारी तो चालू रेडिओ उघडून बंद केला जाऊ लागला.

आत्याचा चष्मा नाकावर चढवून उत्तम प्राध्यापक व्हायचा. "हं, कुसुमबाई, तुम्हाले कोन्ती भाजी आवडते?"

"हा काय प्रश्न झाला?"

"प्राध्यापक काही बी विचारू शकते. उत्तर द्या, मार्क कटून राहिले."

"...वांग्याची."

"तेल कमी का जास्त?"

"तुम्ही गंमत करून राहिले! इथं मुलाखत तोंडावर आली..."

"म्हनूनच करून राहिलो." चष्म्यावरून त्याने पाहिलं. त्या नजरेत गंमत नव्हती. कुसुमने घाईने कागद वर धरला, आणि तो उलटा आहे हे तिला नंतर कळलं.

चौथा विषय त्यानेच काढला. "लेकरू आधी ऐकते, मंग बोलते. बरोबर? तं आवाजाचं शास्त्र घ्या. आवाज कसा निघते, कसा जाते, टेपवर कसा धरता येते... तिथं स्टुडिओ आहे म्हन्ते. काचेची खोली. आत बसलं तं बाहेरच्या चिमणीचा आवाज बी येत नाई!" तो हात हलवून सांगत होता, आणि त्याचे डोळे असे चमकत होते की कुसुम ऐकायचं सोडून बघतच राहिली. तिला वाटलं, या माणसाला बरं वाटणार असेल तर मी काहीही शिकेन. असं वाटल्याची भीतीही वाटली. शाळेत असताना भौतिकशास्त्राच्या पुस्तकापुढे तिला रडू यायचं. तरी तिने चौथ्या ओळीत लिहिलं: ध्वनिशास्त्र आणि ध्वनिमुद्रण.

"पक्कं?" त्याने विचारलं.

"पक्कं," ती म्हणाली. पण पेनचं टोपण लावताना तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

मुलाखतीच्या दिवशी ती एकटीच नागपूरला गेली. उंच छताच्या खोलीत टेबलामागे तिघं. दोन पुरुष आणि मधे करड्या केसांच्या, जाड काठाची साडी नेसलेल्या बाई. कुसुमने हीर सांगितली. पुष्पा सांगितली. कारण या शब्दाशी ती या वेळी अडली नाही. पुरुष प्राध्यापकांपैकी एकाने मान डोलावली. तिला वाटलं, झालं!

मग बाईंनी कागदावर बोट ठेवलं.

"हे ध्वनिमुद्रण. यात तुला काय शिकायचंय?"

"लहान मुलं आधी ऐकतात, मग बोलतात..."

"ते ठीक. पण तुला काय शिकायचंय?"

"आवाज... कसा निघतो, कसा जातो..." पुढचं वाक्य उत्तमचं होतं. तेही तिने म्हटलं. काचेची खोली, चिमणी, सगळं. बाई शांतपणे ऐकत होत्या.

"पहिल्या तीन विषयांबद्दल बोलताना तुझा आवाज वेगळा होता," त्या म्हणाल्या. "हा चौथा विषय तुझा आहे, की कोणाचा?"

कुसुमने चौथ्या ओळीकडे पाहिलं. माझा म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर... बाईंनी कागद परत केला. "पंधरा दिवसांनी ये. चौथा विषय घेऊन ये. तुझा."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. तिला प्राध्यापकांचा राग येईना, स्वतःचा राग तर एवढा आला की तो कुठे ठेवावा कळेना. मग रविवार आला, उत्तम स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात उभा राहिला, आणि तो राग ठेवायला तिला जागा सापडली.

"काय झालं? सांगा नं!"

"काय व्हायचं? तुमच्या विषयानं वाटोळं केलं माहं!"

त्याचं हसू मावळलं. तिने सगळं सांगितलं. बाईंचा प्रश्न सांगताना तिचा आवाज फाटला. "तीन तीन मानसांपुढे मी तुमचे शब्द पोपटासारखे बोलली. आन त्याहीले कळलं! माह्या तोंडात दुसऱ्याच कोनाचं बोलनं आहे, हे त्याहीले कळलं! काहून टाकाले लावला तुम्ही तो विषय?"

उत्तमने स्क्रू-ड्रायव्हर रेडिओशेजारी ठेवला. तो बोलला, तेव्हा आवाज इतका हळू होता की आत्याही आतून बाहेर डोकावली.

"खरं सांगू? त्या योजनेचा अर्ज मी बी आनला होता, दोन महिन्याआधी. तुम्ही भेटाच्या बी आधी. दुकानाच्या फळीवर ठेवला. मामा म्हनते, भोंगे बांधाले कायले पाहिजे पदवी. मले बी वाटे, आपल्याले कोन घेते... मंग तुम्ही भेटल्या. तुमच्यात हिंमत होती. मी माहा विषय तुमच्या कागदात सरकवून देला." तो उठला. "चुकलं माहं. काढून टाका तो."

"असं नाई..." कुसुम म्हणाली. पण तोपर्यंत फाटक वाजलं होतं.

पुढच्या रविवारी तो आला नाही.

रेडिओ उगाचच छान वाजत होता. आत्या भाजी निवडत म्हणाली, "बिघडला म्हनून निरोप पाठवू का?"

"नको."

"बरं. मंग तोंड असं कायले करून बसली?"

कुसुमने निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली. चौथी ओळ खोडायला तिने कितीदा पेन उचलला होता, आणि प्रत्येक वेळी वाटे की आपण नुसता विषय खोडत नाही आहोत. ठेवावा तर बाईंपुढे पुन्हा खोटं बोलायचं. खोडावा तर त्याला काय वाटेल? जेवताना हाच विचार, फळ्यावर लिहिताना हाच. एकदा तर तिने 'क' लिहायच्या जागी नुसतीच आडवी रेघ ओढून ठेवली, आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघत राहिला.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत पुष्पा हापशाजवळ एकटी बसलेली दिसली. कुसुम तिच्या शेजारी जाऊन बसली. काही शिकवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. हापशाखाली एक बेडूक होता. कुसुमने नुसतंच विचारलं, "याले काय म्हन्ते तुह्याकडे?"

"बेंडकुळी," पुष्पा कुजबुजली. मग थोड्या वेळाने, "आजी येगळं म्हन्ते. आजी डोंगराकडची आहे. गोंडीत बोलते."

"काय म्हन्ते?"

पुष्पाने सांगितलं. कुसुमने म्हणून पाहिलं. पुष्पा खळखळून हसली. "तसं नाई, बाई! असं!" आणि ती बाईंना पुन्हा पुन्हा म्हणायला लावू लागली. बेडूक झाला, पाणी झालं, हापसा झाला. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ती बोलतच होती. वर्गात शिरतानाही बोलत होती. कुसुमचे डोळे भरून आले, आणि चौथा विषय काय आहे ते तिला कळलं.

तिने ओळ खोडली. खाली लिहिलं: आमच्या भागातल्या बोली.

दुसऱ्या मुलाखतीला बाबा सोबत आले. बाबांचं नाव हिरामण, नगरपालिकेत नोकरीला. रजा टाकून, धुतलेला पांढरा शर्ट घालून आले आणि खोलीबाहेरच्या बाकावर ताठ बसून राहिले. पोरीपेक्षा त्यांच्याच कपाळावर घाम जास्त होता.

आत बाईंनी कागद वाचला. "बोली. यात गोंडीही धरतेस?"

"हो."

"ती शिकवणारं आमच्याकडे कोणी नाही."

कुसुमने मान वर केली. "मग शोधावं लागेल, मॅडम. तुम्ही इथे शोधा, मी तिकडे शोधते." आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून तिने टेबलाची कड घट्ट धरली. "आमच्या मुलांना घरी जे येतं, ते शाळेत आल्यावर चूक ठरतं. ते चूक नाही. पण का नाही, हे मला सांगता येत नाही अजून. ते सांगता यावं म्हणून मला शिकायचंय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक प्राध्यापक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

"जुलैत ये. आणि तो मागचा विषय? तो ज्याचा होता, त्याला सांग, अर्ज अजून घेतोय आम्ही."

कुसुम दारापर्यंत गेली, थांबली आणि परत वळली. "मॅडम, एक कोरा अर्ज मिळेल?"

परतीच्या वाटेवर सावनेर गेलं, बोरगाव गेलं. बाबा खुशीत होते. शेजारच्या अनोळखी माणसाला "पोरगी माही, कॉलेजात चालली" म्हणून सांगून झालं होतं. कुसुम पर्समधला कोरा अर्ज चाचपत होती. एवढं मिळालं, तरी ती मनात पुन्हा वाक्यं जुळवत होती. ती आता वेगळ्याच माणसासाठी होती. पांढुर्ण्याला जाऊन उत्तमला काय सांगायचं? तो ऐकून तरी घेईल का? तो बोललाच नाही तर...

सौसरच्या स्टँडवर बस थांबली. बाबा टपावरची पिशवी उतरवून घ्यायला मागच्या शिडीकडे गेले. कुसुम पायरीवरून उतरली आणि जागीच थबकली.

समोर रसवंतीच्या खांबाला टेकून उत्तम उभा होता. आज हातात काहीच नव्हतं, आणि ते रिकामे हात कुठे ठेवावे हे त्याला समजत नव्हतं.

"तुम्ही... इथं?"

"आत्याबाईनं सांगितलं, आज आहे म्हनून." तो एक पाऊल पुढे आला. "काय झालं?"

"घेतलं मले."

त्याने डोळे मिटले. एवढा मोठा सुस्कारा टाकला की जणू त्यालाच घेतलं होतं.

"पन..." ती म्हणाली. "तो विषय मी काढून टाकला."

"बरं केलं."

"राग नाई आला?"

"विषय काढला तं काढला..." तो जमिनीकडे बघत होता. "मले तं नाई काढलं नं?"

कुसुमने तोंड उघडलं. तेवढ्यात पिशवी खांद्यावर टाकून बाबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी उत्तमकडे वरून खाली पाहिलं.

"हे कोन होय, कुसुम?"

रसवंतीचं चाक घुंगरू वाजवत फिरत होतं. कंडक्टर छिंदवाडा, छिंदवाडा ओरडत होता. या वेळी कुसुमने आधी ओठातल्या ओठात काहीच म्हणून पाहिलं नाही.

"बाबा, हे उत्तम. पांढुर्ण्याचे. लाऊडस्पीकरचं काम करतात." तिने श्वास घेतला. "आन मले आवडतात."

उत्तम पांढराफटक पडला. मग एकदम सरळ उभा राहिला, हात जोडले. "जय भीम, काकाजी."

"जय भीम." बाबांचा चेहरा काही सांगत नव्हता. त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. कुसुमला तो क्षण साऱ्या मुलाखतीपेक्षा लांब वाटला. "सकाळपासून उभा आहेस का इथं?"

"नाई... म्हन्जे, होय."

"काही खाल्लं?"

"नाई."

बाबा पोरीकडे वळले. "आवडते म्हन्तेस आन उपाशी उभा ठेवतेस? चाल रे बावा घरी. भाकर खाऊ, मंग पाहू काय ते." आणि मागे न बघता ते रस्त्याला लागले.

दोघं त्यांच्या मागे काही अंतर ठेवून चालू लागले. कुसुमने पर्समधून घडी केलेला अर्ज काढून त्याच्यापुढे धरला.

"हे काय?"

"कोरा आहे. तुमचा तो विषय तुमच्या कागदावर लिहा. अजून घेऊन राहिले म्हने."

त्याने अर्ज घेतला. घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर थोडी जास्तच वेळ राहिली. मघाशी पांढरा पडलेला त्याचा चेहरा आता लालबुंद झाला होता.

"आन बाकीचे तीन?"

"ते तुमचे तुम्ही शोधा. मी एक बी नाई सांगनार."

"एक बी नाई?"

"नाई."

"मले भीती वाटून राहिली, कुसुम," तो हळूच म्हणाला. नावापुढचं बाई पहिल्यांदाच गळून पडलं होतं.

"मले बी," ती म्हणाली. "रोजच वाटते. तरी जाता येते."

पुढे कोपऱ्यावर बाबा थांबले होते. "येता का नाई रे तुम्ही?" त्यांनी हाक मारली.

"आलो!" दोघंही एकदमच म्हणाले.